जुन्या धर्तीची रायफल-दुर्बीण घरी करताना फुलीच्या तारा पुढे की मागे?

पितळी_नळी
एकोणिसाव्या शतकात लांब, बारीक नळीच्या दुर्बिणी रायफलीवर बसवत. काही तर जवळजवळ रायफलीच्या नळीच्या टोकापर्यंत जात. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये विल्यम माल्कम यांनी १८५५ मध्ये अशा दुर्बिणी करायला सुरुवात केली. तोच ढाचा समोर ठेवून आराखडा काढलाय. नळीच्या आत फिरवायचे काहीही नाही, नेम जुळवायचा तो बाहेरच्या बैठकीतूनच.

माप असे:
नळी : बाहेरून १९ मि.मी., जाडी १, आतून १७.
पुढचे भिंग : ॲक्रोमॅट (रंगांचे फोकस एकत्र आणणारे जोडभिंग), व्यास १६, फोकल लेंथ ३००.
प्रतिमा सुलटी करणारी जोडी : ६० फोकल लेंथचे दोन ॲक्रोमॅट, एकमेकांपासून ६० वर.
डोळ्याकडचे भिंग : फोकल लेंथ ५०, व्यास १६.

३०० ला ५० ने भागून ६ पट. लांबी ३०० + ६० + ६० + ६० + ५० = ५३० मि.मी.

या दुर्बिणीत प्रतिमा दोनदा पडते. एकदा पुढच्या भिंगामागे ३०० वर उलटी, आणि मग जोडीच्या मागे सुलटी. नेमाची फुली दाखवणाऱ्या बारीक तारा दोन्हीकडे बसू शकतात. मागे बसवल्या तर डोळ्याकडचा भाग काढला की हाताशी येतात, म्हणून तिकडे कल आहे. जाणकारांचे काय मत? आणखी दोन शंका : पुढे ॲक्रोमॅटऐवजी साधे एकेरी भिंग चालेल का? तारेसाठी केस चालेल का?

शून्यबिंदू
पुढे बसवा. कारण नंतर लिहितो.

लेथवरचा
आधी एक व्यवहारी अडचण. १७ च्या पोटात १६ चे भिंग म्हणजे कडेला अर्धा मि.मी. उरतो. त्यात घर बसवणार कसे आणि दाबकडीचे (भिंग दाबून धरणाऱ्या कडीचे) आटे कुठे कापणार? पुढच्या भिंगाचे घर नळीच्या बाहेरून घ्या. २२ मि.मी. बाहेरचा, १९ आतला असा बाही-तुकडा कातायचा, तो नळीवर सरकेल. पुढे त्याच तुकड्यात भिंगाची बैठक आणि दाबकडी. बाहीची पकड निदान ४० मि.मी. तरी हवी, म्हणजे व्यासाच्या दुप्पट. आखूड बाही तिरकी बसते आणि दर वेळी वेगळ्या बाजूला तिरकी बसते. बाहीचे मागचे टोक चिरून त्यावर आवळकडी घाला. एकाच बाजूने टोचणारा स्क्रू नको, तो बाहीला बाजूला ढकलतो.

नळी ओढीव घ्या, शिवण असलेली नको. आतली शिवण रीमरने (भोक तासायच्या हत्याराने) काढायला गेलात तर ५०० मि.मी. लांबीत रीमर भरकटतो.

काचघाश्या
एकेरी भिंगाबद्दल : नको. साध्या क्राउन काचेच्या ३०० फोकल लेंथच्या भिंगात लाल आणि निळ्या रंगाचे फोकस सुमारे ४.७ मि.मी. अंतरावर पडतात. चित्राच्या कडांना रंग दिसतो हे तर झालेच. खरा तोटा असा की तारांच्या पातळीवर प्रतिमा आणायची म्हटले, तर कोणत्या रंगाची आणायची? हिरवी जुळवली की लाल मागे आणि निळी पुढे. डोळा हलवला की तार कडेवर रंग बदलत सरकते. हे सरकणे, म्हणजे पॅरॅलॅक्स, शून्य करताच येत नाही.

सुलटी करणाऱ्या जोडीतही ॲक्रोमॅटच हवेत. बसवायची दिशा : जास्त फुगीर बाजू समांतर किरणांकडे. पुढच्या भिंगाची फुगीर बाजू लक्ष्याकडे, जोडीतल्या दोघांच्या फुगीर बाजू एकमेकांकडे. हे उलटे झाले तर मधे बऱ्यापैकी दिसते आणि कडेला धूसर होते. मग लोक काचेला दोष देत बसतात.

डोळ्याकडे ५० चे एकच भिंग लावण्यापेक्षा १०० फोकल लेंथचे दोन सारखे ॲक्रोमॅट फुगीर बाजू समोरासमोर ठेवून जवळजवळ चिकटवा. एकत्रित फोकल लेंथ ५० च्या आसपास येते आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ राहते.

पितळी_नळी
लेथवरचा, बाहेरच्या बाहीची कल्पना पटली, आराखडा बदलतो. काचघाश्या, एकेरी भिंग बाद.
शून्यबिंदू, कारणाची वाट बघतोय.

शून्यबिंदू
आता सविस्तर.

दुर्बीण नेम दाखवते म्हणजे काय? पुढच्या भिंगाचे केंद्र आणि तारांची फुली यांना जोडणारी रेषा लक्ष्याला लागते. बाकी सगळे फक्त ती रेषा बघायला मदत करते. तारा पहिल्या प्रतिमेवर असतील, तर त्यांच्या मागे जे काही हलेल ते लक्ष्याची प्रतिमा आणि तार दोघांना बरोबरच हलवेल. नेम तसाच राहील. सुलटी करणारी जोडी सैल झाली तरी चित्र गोल खिडकीत थोडे सरकेल, फुली मात्र लक्ष्याच्या त्याच ठिपक्यावर असेल.

तारा मागे बसवल्या की ती जोडी नेमाच्या रेषेत येते. आणि ती दुप्पट त्रास देते. ही जोडी प्रतिमा उलटवते, म्हणून ती बाजूला जितकी सरकेल त्याच्या दुप्पट प्रतिमा सरकते. आकडा घ्या : जोडी ०.०२ मि.मी. सरकली तर प्रतिमा ०.०४ मि.मी. सरकते. ०.०४ भागिले ३०० म्हणजे १०० मीटरवर सुमारे १३ मि.मी. दोन शतांश मि.मी. ही आतल्या नळीची अगदी चांगली समजली जाणारी फिट असते, आणि ती दर गोळीच्या धक्क्याला इकडची तिकडे होणार.

तारा पुढे असल्या तर उरते फक्त पुढचे भिंग आणि तारा यांच्यातले नाते. तिथे ०.०२ मि.मी. म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मि.मी. म्हणून लेथवरचा म्हणतात ती लांब बाही आणि आवळकडी महत्त्वाची. घरच्या लेथवर एक जागा नीट सांभाळता येते, तीन नाही.

अक्षरेषा
शून्यबिंदूंशी सहमत. हाताशी येण्याचा मुद्दाही सुटतो : तारा ज्यावर ताणतात ती कडी नळीत बाहेरून चार बारीक स्क्रूंनी, ९० अंशांवर धरायची. सुलटी करणारी जोडी एका आतल्या नळीत ठेवायची, ती मागून अख्खी बाहेर येते. मग कडीपर्यंत वाट मोकळी.

फक्त कडीचे भोक विचार करून ठेवा, तेच दृष्टिक्षेत्र ठरवते. ९ मि.मी. भोक म्हणजे ९/३००, १०० मीटरवर बरोबर ३ मीटर रुंदी दिसेल.

दूरचे_दिवे
१०० मीटरवर ३ मीटर फार अरुंद नाही का? आजच्या दुर्बिणी बघायची सवय असलेल्याला गुदमरल्यासारखे होईल.

अक्षरेषा
अरुंद आहेच. बारीक नळीच्या जुन्या दुर्बिणींचा तो स्वभाव आहे. १७ मि.मी. च्या नळीत कडेचे किरण भिंतीला लागायच्या आत डोळ्यापर्यंत न्यायचे आहेत.

आणि सुरुवातीला दिलेल्या मापांत तेवढेही मिळणार नाही. गणित करून बघितले : जोडीची भिंगे ६० वर ठेवली तर ९ मि.मी. च्या कडेचा किरण डोळ्याकडच्या भिंगावर मध्यापासून ९ मि.मी. वर येतो, त्यात किरणांची जाडी धरून भिंग साडेवीस मि.मी. चे लागते. योजलेले आहे १६ चे. म्हणजे कडा काळवंडणार आणि प्रत्यक्षात दोन मीटरच्या आसपासच स्वच्छ दिसणार.

उपाय दोन. एक, जोडीतले अंतर ६० वरून १०० करा. मग तोच किरण साडेसहा मि.मी. वर येतो आणि साडेपंधरा मि.मी. चे उघडे भिंग पुरते. १८ व्यासाचे घ्या, पुढच्यासारखेच बाहेरच्या बाहीत. लांबी ५७० होते. दोन, अंतर ६० च ठेवा आणि डोळ्याकडचे टोक रुंद करून २५ चे भिंग बसवा.

निशाण_पाटी
पण यातला फरक फक्त भिंगाच्या आकाराचा नाही, डोळा किती लांब ठेवता येतो त्याचाही आहे! अंतर ६० असेल तर डोळ्याची जागा भिंगापासून सुमारे १०० मि.मी. मागे येते. अंतर १०० केले की ती सुमारे ७२ वर येते. हलक्या काडतुसाला ७२ पुरे. जोरदार धक्का देणाऱ्या रायफलीला रुंद टोक आणि १०० हाच पर्याय घ्या. भुवईवर पितळी कडा बसली की टाके पडतात. डोळ्याकडच्या टोकाला रबरी कडे घाला, धारदार कातलेली कडा तशीच सोडू नका.

पितळी_नळी
.२२ रिमफायर या हलक्या काडतुसासाठीच आहे, धक्का नगण्य. अंतर १०० आणि १८ चे भिंग धरतो.

काचघाश्या
मग एक फुकटचा फायदा घ्या. जोडीतल्या पहिल्या भिंगामागे ७२ मि.मी. वर पुढच्या भिंगाची छोटी प्रतिमा पडते. पुढचे उघडे भिंग १५ मि.मी. धरले तर तिथे ती ३ मि.मी. ची असते. अंतर १०० केल्यामुळे ही जागा दोन भिंगांच्या मधे आली. तिथे ३.२ मि.मी. भोकाची चकती बसवा. पुढच्या भिंगातून आलेला सगळा प्रकाश त्यातून जातो, नळीच्या भिंतीवरून चमकून आलेला बहुतेक अडतो. धुरकट चित्र एकदम काळे-पांढरे उठून येते.

पुढच्या भागातही दोन चकत्या घाला : भिंगापासून १०० वर १३.२ मि.मी. भोकाची, २०० वर ११.२ ची. भोकाची कडा सुरीसारखी पातळ हवी, जाड कडा स्वतःच चमकते. आत साधा काळा रंग तिरप्या प्रकाशात चकाकतो. मॅट रंगात बारीक कोळशाची पूड मिसळा, किंवा पितळ रसायनाने काळे करा. रंग पूर्ण वाळल्याशिवाय भिंगे बसवू नका, नाहीतर त्याची वाफ काचेवर बसते.

सूतधार
तारांचा प्रश्न मागे पडला. केस नको. केस दमट हवेत लांबतो, म्हणून तर तो आर्द्रतामापकात वापरतात. कोरडेपणापासून पूर्ण दमटपणापर्यंत साधारण दोन टक्के. ९ मि.मी. च्या भोकावर दोन टक्के लांबला तर मधे स्पष्ट झोळ दिसतो, आणि फुली झोळाबरोबर खाली येते.

जाडीचा हिशेब : ३०० फोकल लेंथला २५ मायक्रॉनची तार १०० मीटरवर सव्वाआठ मि.मी. झाकते, ५० मायक्रॉनची साडेसोळा. कागदी लक्ष्याला २५, गर्द झाडीत किंवा संध्याकाळी ५० बरी. ५० ची तांब्याची तार बारीक लवचिक वायरच्या गुंडाळीतून सुटी करता येते. एनॅमल असेल तर काढू नका, तो आयता काळसर रंग आहे. २५ साठी टंगस्टन सर्वात चांगली, ताठ राहते.

बसवताना : कडीवर ९० अंशांवर चार खाचा धारदार पात्याने ओढा. खाच खोल नको, तार बसेल इतकीच. तार खाचेत ठेवून दोन्ही टोकांना वजन लटकवा. ५० च्या मऊ तांब्याला प्रत्येकी १० ग्रॅम, त्यापुढे ती ओढली जाऊन पातळ होते. २५ च्या टंगस्टनला २० ते ३० ग्रॅम चालते. मग खाचेवर इपॉक्सीचा किंवा लाखेचा सूक्ष्म थेंब. पूर्ण घट्ट झाल्यावरच वजन कापा. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद वापरू नका, त्याची वाफ बंद नळीत भिंगांवर पांढरी साय धरते.

एकंदरीत हीच काय ती खरी तारेवरची कसरत :)

ध्रुव_मत्स्य
अवांतर : कोळ्याचा धागा कोणीच सुचवला नाही! १६४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम गॅस्कॉइन यांच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ओढला. तो लक्ष्याबरोबरच स्वच्छ दिसतोय हे त्यांच्या ध्यानात आले, आणि फुलीची दुर्बीण सुरू झाली. पुढे मोजणीच्या उपकरणांत कोळ्याचे धागे कितीतरी काळ वापरात होते.

सूतधार
खरे आहे, आणि सुंदर दिसतो तो. पण एकेरी धागा फक्त काही मायक्रॉनचा. ६ पटीला उजेडात दिसतो, सावलीतल्या लक्ष्यावर हरवतो. शिवाय तोही ओलसर हवेत सैल पडतो. संग्रहासाठी हुबेहूब प्रतिकृती करायची असेल तर जरूर वापरा, नेमासाठी टंगस्टन.

पितळी_नळी
टंगस्टन २५ नक्की. आता जुळवणीचा क्रम सांगा. सगळे सुटे भाग एकदम नळीत टाकून पाहिले तर कुठे काय चुकतेय ते कळणार नाही.

शून्यबिंदू
क्रम असा ठेवा.

भिंगे आल्यावर फोकल लेंथ स्वतः मोजा. छापील आकड्यात एक-दोन टक्के फरक सर्रास असतो. ३०० मध्ये दोन टक्के म्हणजे ६ मि.मी. आणि बाहीची हालचाल तेवढी ठेवली नसेल तर फोकसच मिळणार नाही. सपाट आरशावर भिंग ठेवून वरून सुईचे टोक खाली-वर करा. सुई आणि तिची परतलेली प्रतिमा डोळा हलवूनही एकत्र राहिली की तेवढे अंतर म्हणजे फोकल लेंथ.

मग नळीत फक्त तारांची कडी आणि जोडीतले पहिले भिंग. मागून एक अनंतावर फोकस केलेली दुसरी दुर्बीण लावून बघा. दोन डोळ्यांनी बघायच्या दुर्बिणीची एक बाजू चालते. तारा लखलखीत दिसेपर्यंत भिंग सरकवा, तिथे पक्के करा. आता मधले किरण समांतर झाले. दुसरे भिंग त्याच्या मागे १०० वर, मग डोळ्याकडची जोडी.

डोळ्याकडचे भिंग तारांवर जुळवा, लक्ष्यावर नाही. आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघत तारा काळ्याभोर होईपर्यंत. चष्म्याच्या एका नंबरला इथे अडीच मि.मी. हालचाल लागते, म्हणून दोन्हीकडे ७-८ मि.मी. ठेवा. सूर्याकडे चुकूनही वळवू नका.

मग शेवटी पुढची बाही : लक्ष्यावर फोकस. डोळा बाजूला हलवून फुली लक्ष्यावर सरकते का बघत बाही पुढे-मागे करा. सरकणे थांबले की आवळा.

दूरचे_दिवे
बाही किती हलावी लागते?

शून्यबिंदू
अनंतापासून १०० मीटरपर्यंत ०.९ मि.मी., ५० मीटरला १.८, २५ मीटरला ३.६. .२२ ला ५० आणि २५ दोन्ही लागतात, म्हणून बाहीवर ओळी कोरून ठेवा. १०० वर पक्की करून ५० वर वापरली तर डोळा अगदी कडेला असतानाची चूक पावणेचार मि.मी. पर्यंत जाते.

लेथवरचा
त्याआधी फुली नळीच्या अक्षावर आणायची राहिली. दोन व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) नळी ठेवून दूरच्या ठिपक्यावर फुली लावा आणि नळी जागच्या जागी फिरवा. फुली गोल फिरली तर कडी अक्षावर नाही. १८० अंश फिरवल्यावर जितकी चूक दिसते तिची निम्मी चार स्क्रूंनी काढा, निम्मी ब्लॉक हलवून. पुन्हा फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत थांबते. ब्लॉक बाहीवर ठेवू नका, दोन्ही नळीवरच.

निशाण_पाटी
हे केले की बैठकीला कमी काम उरते. बैठक : पुढे गोल कडे, ज्यात नळी किंचित झुकू शकेल. मागे चौकट, वरून एक आणि बाजूने एक स्क्रू, समोरून स्प्रिंग. दोन बैठकींतले अंतर २५० मि.मी. आणि स्क्रूचे आटे ०.५ मि.मी. घेतले तर एक फेरा म्हणजे १०० मीटरवर २० से.मी. डोक्यावर २० भाग कोरा, एक भाग म्हणजे १ से.मी. हिशेब तोंडी होतो. जुन्या अमेरिकी मायक्रोमीटर बैठकी ७.२ इंचांवर ठेवत ते याच कारणाने, तिथे एक टिचकी पाव मिनिटाची (कोनाचे मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) यायची.

स्क्रूचे टोक गोल आणि कडक हवे, नळीवर त्या जागी पोलादी पट्टी बसवा. पितळेत टोक खड्डा पाडते आणि शून्य, म्हणजे जुळवलेला नेम, हळूहळू सरकते. शेवटचे वळण नेहमी स्प्रिंगच्या विरुद्ध द्या, म्हणजे आट्यांतला मोकळेपणा एकाच बाजूला राहतो.

चक्रनेमि
धक्क्याचे एक राहिले. जुन्या दुर्बिणींतल्या पुष्कळशा बैठकीत घट्ट आवळलेल्या नसत. गोळी सुटली की रायफल मागे जाई, दुर्बीण जागीच राहून कड्यांतून सरके, आणि हाताने मागे ओढून घ्यावी लागे. त्यामुळे भिंगांना धक्का कमी बसे. .२२ ला हे लागत नाही, पण नळी फिरू नये म्हणून तिच्या खाली लांबट कणा आणि कड्यात त्याची खाच नक्की ठेवा. नळी फिरली की तारा तिरक्या होतात.

आणि कोणी हीच दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलवर लावणार असेल तर सावध! तिथे धक्का आधी मागे, मग झटक्यात पुढे बसतो. भिंगांच्या दाबकड्या एकाच दिशेने टेकलेल्या असतील तर दुसऱ्या झटक्याला सुटतात. दोन्ही बाजूंनी थांबा द्या. मात्र काच चेपेल इतके आवळू नका. दाबाखाली काच ताणली जाते आणि ठिपका त्रिकोणी दिसायला लागतो. कडी टेकली, भिंग खुळखुळले नाही, की बस.

वक्ररेषा
वाचनखूण साठवली. चकती ७२ वर बसवायची युक्ती कुठेच वाचली नव्हती.
मूळ प्रश्नाबद्दल एक शंका मात्र आहे. तारा पुढे बसवल्यावर त्यांचे चित्र जोडीतून जाते, मग जोडीचा दोष तारांनाही लागणार. मागे बसवल्या तर तारा सरळ डोळ्याकडच्या भिंगातून, जास्त तीक्ष्ण दिसतील ना?

काचघाश्या
दिसतील, थोड्या. पण किरणांची जाडी बघा. पुढचे भिंग ३०० ला १५, म्हणजे शंकू एकाला वीस इतका बारीक. जोडीतल्या पहिल्या भिंगावर मधला किरणपुंज फक्त ३ मि.मी. चा असतो. इतक्या बारीक पुंजाला साधारण प्रतीचे ॲक्रोमॅटही बिघडवू शकत नाहीत. तारा पुढे ठेवून तीक्ष्णतेत जाते ते नगण्य, मागे ठेवून नेमात जाते ते मोजता येते.

वक्ररेषा
पटले.

पितळी_नळी
तर ठरले : तारा पुढे, २५ टंगस्टन, ९ मि.मी. कडी चार स्क्रूंवर. जोडीत १०० अंतर, ७२ वर ३.२ ची चकती. डोळ्याकडे १८ चे दोन, १०० फोकल लेंथचे. बाही ४० मि.मी., आवळकडीसह. एक शेवटचा प्रश्न : बाही नळीवर सरकते तिथून आत ओल जाणार. तिथे काय लावायचे?

लेथवरचा
बाहीच्या पोटात एक उथळ गाळा कातून त्यात रबरी ओ-रिंग. गाळा आवळकडीच्या पुढे, भिंगाच्या बाजूला. जाड ग्रीस भरू नका, उन्हात पातळ होऊन भिंगापर्यंत पसरते. ओ-रिंग मात्र चारी बाजूंनी सारखी दबली पाहिजे, नाहीतर तीच बाहीला बाजूला ढकलेल. आवळकडी आवळल्यावर व्ही-ब्लॉकची फेरी पुन्हा एकदा घ्या.